म्युझियममधली इजिप्तची रंगवलेली शवपेटी कशी वाचायची

इजिप्तच्या गॅलरीत लोक थेट ममीकडे धावतात, फोटो काढतात आणि पुढे जातात, मला खरंच वाईट वाटतं, कारण वाचण्यासारखं जे काय असतं ते सगळं पेटीवर असतं.

पेटी चौकोनी असेल, म्हणजे साधारण इ.स.पू. 2000 च्या आसपासची, तर आधी डोळे शोधा. एका लांब बाजूवर दोन मोठे डोळे काढलेले दिसतील. आत ममी डाव्या कुशीवर, डोकं उत्तरेला, म्हणजे तोंड आपोआप पूर्वेला, आणि त्या डोळ्यांतून तिनं रोज उगवता सूर्य बघायचा. पेटी म्हणजे त्यांच्यासाठी घरच होतं, मग घराला बाहेर बघायची सोय नको का?

माणसाच्या आकाराची पिवळी पेटी दिसली (इ.स.पू. 1000 च्या आसपास इजिप्तच्या थीब्ज शहरात अशा भरपूर झाल्या, 1891 ला बाब अल-गसूसच्या एकाच थडग्यात 153 जणांची दफनं सापडली) तर हात बघा. मुठी वळलेल्या असतील तर बहुतेक पुरुष, बोटं उघडी असतील तर बाई. पण जपून, जुनी पेटी दुसऱ्यासाठी परत रंगवून वापरायचेही. पिवळा रंग सोन्याचा, कारण देवांचं शरीर सोन्याचं असतं असं ते मानायचे. चेहरा हिरवा असेल तर तो ओसायरिस, मरून पुन्हा जिवंत झालेला देव, हिरवा म्हणजे नवा अंकुर. छातीवर पंख पसरलेली बाई बहुतेकदा नूत, आकाशाची देवी, ती मेलेल्याला आईसारखी पोटात घेते.

आता वाकून लाकूड बघा. तिथं चांगलं लाकूड कमीच, लेबनॉनचा देवदार श्रीमंतांना परवडायचा, बाकीच्यांना आपल्या उंबराच्या जातीतलं एक झाड नाहीतर बाभूळ. मग छोटे तुकडे खुंट्यांनी जोडायचे, फटी मातीनं बुजवायच्या, वर पांढरा लेप आणि त्यावर रंग. रंग उडालेल्या जागी हे सगळं दिसतं.

शेवटी नाव. ‘ओसायरिस अमुक’ असं लिहिलेलं असतं, कारण मेलेला माणूस स्वतःच ओसायरिस होतो. काही तयार पेट्यांवर नावाची जागा रिकामीच राहिलीये, ते बघून मला गलबलून येतं. नाव घेतलं जातं तोवर माणूस जिवंत असं ते मानायचे, थडग्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांना तशी विनंतीही कोरायचे, त्यामुळे लेबलवर नाव असेल तर एकदा हळूच म्हणा.