पोस्टग्रेस डेटाबेसमधला डेटा सीएसव्ही फाइलमध्ये, तोही आपल्याच लॅपटॉपवर

नुसती कॉपी कमांड दिली की फाइल सर्व्हरच्या डिस्कवर जाते, आणि त्यासाठी सुपरयूझर किंवा तसा खास रोल लागतो, जो डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, सहसा देत नाही (बरोबरच आहे म्हणा). त्यापेक्षा पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचं कमांड-लाइन टूल) कॉपीच्या आधी बॅकस्लॅश टाका, क्वेरी कंसात, पुढे टू, फाइलचं नाव, मग विथ आणि कंसात फॉरमॅट सीएसव्ही, हेडर. फाइल तुमच्याच मशीनवर येते. फक्त अख्खी कमांड एकाच ओळीत हवी, मध्ये एंटर मारला की एरर. क्वेरी लांबलचक असेल तर आधी टेम्पररी व्ह्यू (क्वेरीला दिलेलं तात्पुरतं नाव) बनवा आणि त्याच्यावर सिलेक्ट मारा. एक्सेलमध्ये मराठी नावांचा कचरा दिसला तर डबलक्लिक न करता डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा, एन्कोडिंग 65001 म्हणजे यूटीएफ-8 निवडा.