अकरावी-बारावीच्या पोरांना 'कोसला' वाचायला लावायची असेल तर आधी 'शाळा' द्या

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' थेट हातात दिली की बरीच पोरं वीस पानांत पुस्तक मिटतात, कारण १९६३ची कादंबरी, सरळ स्टोरी नाही, निवेदक मधेच कुठेही भरकटतो. म्हणून आधी मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) वाचू द्या. नववीतला मुकुंद, त्याची मित्रांची गँग, त्याला आवडणारी शिरोडकर, बाहेर आणीबाणी चालू, हे पोरं एका दमात वाचतात. मग एकच काम द्या: मुकुंद घरी काय बोलतो आणि मनात काय बोलतो, असे दोन-तीन प्रसंग वहीत शेजारी शेजारी लिहून काढा.

हे झालं की 'कोसला'तलं पुण्याचं होस्टेल वाचायला द्या, पहिल्या पानापासूनच सुरू करायला पाहिजे असं काही नाही. निवेदक पांडुरंग सांगवीकर वडिलांबद्दल, पैशांबद्दल काय बोलतो ते त्याच वहीत तिसऱ्या रकान्यात. आता पोरांना तो ओळखीचा वाटतो, मुकुंदच कॉलेजात गेल्यासारखा. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग मात्र घरी वाचायला देऊ नका, वर्गात तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, सावकाश, आणि त्यावर लगेच प्रश्न तर अजिबात विचारू नका प्लीज.