‘…पे…’ आलं की पान उलटू नका: सुत्तांच्या आधाराने विपश्यना करणाऱ्या नव्या साधकांसाठी

विपश्यनेला सुरुवात करून थोडे दिवस झालेत आणि आता मूळ सुत्तं, म्हणजे बुद्धांचे पाली भाषेतले उपदेश, वाचावीशी वाटताहेत, अशांसाठी हे लिहितेय. आनापान (श्वास पाहणं), वेदना (नुसतं दुखणं नव्हे, सुखद-दुःखद कुठलीही संवेदना), समता (मनाचा तोल) हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत आणि रोज थोडा वेळ तरी तुम्ही बसता, असं धरून चालते. सुत्त वाचण्यात माझी एकच चूक झाली, पण तिच्यात दीड वर्ष गेलं. ती अजून टोचते, म्हणून तिच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

काय वाचायचं ते आधी सांगते. मज्झिम निकायातलं (निकाय म्हणजे सुत्तांचा संग्रह) १०वं सतिपट्ठान सुत्त आणि त्याच निकायातलं ११८वं आनापानसति सुत्त. सुरुवातीला ही दोन पुरेत. दीघ निकायातलं २२वं महासतिपट्ठान सुत्त म्हणजे पहिल्याचाच मजकूर, फक्त चार आर्यसत्यांचा भाग तिथे विस्ताराने आहे. ते नंतर वाचलं तरी चालतं. पहिल्याच महिन्यात सगळे निकाय उघडून बसू नका. मी तसं केलं, आणि त्या महिन्यात माझं बसणं निम्म्यावर आलं.

आता ती चूक. सतिपट्ठान सुत्तात एकूण २१ सराव मोजतात: कायेचे १४, वेदनेचा एक, चित्ताचा एक आणि धम्मांचे, म्हणजे अनुभवात येणाऱ्या गोष्टींचे, पाच. प्रत्येक सरावानंतर एक परिच्छेद येतो, जवळजवळ तोच तोच. ही सुत्तं पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ करून टिकवली गेली, त्यामुळे त्यांत पुनरुक्ती भरपूर. छापताना ती बऱ्याच ठिकाणी गाळतात आणि तिथे ‘…पे…’ असं लिहितात. ‘पेय्याल’ या शब्दाचं ते लघुरूप. अनुवादांत बऱ्याचदा नुसती टिंबंच असतात. मी पेन्सिल घेऊन वाचायचे. सरावाच्या ओळी अधोरेखित करायच्या आणि तो परिच्छेद आला की थेट पुढच्या सरावावर जायचं. पाठांतराच्या सोयीसाठी घातलेलं पालुपद आहे, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्या पालुपदात काय आहे ते बघा. ‘समुदयधम्मानुपस्सी वा कायस्मिं विहरति, वयधम्मानुपस्सी वा कायस्मिं विहरति’. म्हणजे कायेतलं उत्पन्न होणं पाहत राहतो, कायेतलं नाहीसं होणं पाहत राहतो. आणि शेवटी ‘अनिस्सितो च विहरति, न च किञ्चि लोके उपादियति’. कशालाही टेकून राहत नाही, जगातलं काहीही धरून ठेवत नाही. लक्ष कुठे ठेवायचं ते सराव सांगतो, आणि तिथे काय पाहायचं ते पालुपद सांगतं. विपश्यना ज्याला म्हणतात ती या गाळलेल्या परिच्छेदात आहे. मी रोज अर्धंच काम करत होते आणि त्यालाच विपश्यना म्हणत होते.

यातली अडचण अशी की अर्धं काम छान जमतं. श्वासावर मन ठरायचं, पाऊण तास सहज जायचा, उठल्यावर हलकं वाटायचं. मी त्या शांततेलाच टेकून बसले होते. मग एखाद्या दिवशी ती आली नाही की दिवसभर चिडचिड. मी बसलेली असताना कोणी दार वाजवलं तर संतापाने छाती भरून यायची, आणि तो संताप मला साधनेतला अडथळा वाटायचा. त्याच सुत्तात, चित्ताच्या भागात, ‘सदोसं वा चित्तं सदोसं चित्तन्ति पजानाति’ असं स्पष्ट आहे: चित्तात द्वेष आहे तर द्वेष आहे हे जाणतो. ती ओळ मी अधोरेखितही केली होती. दार वाजलं त्या क्षणी ती मला लागू होते, हे मात्र कधी सुचलं नाही.

चूक सापडली ती एका ज्येष्ठ साधिकेमुळे. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्यांनी माझं पुस्तक सहज चाळायला घेतलं. पानं उलटता उलटता म्हणाल्या, “अगं, खुणा सगळ्या वरच्या भागाला. हे खालचे परिच्छेद कोरेच का?” मी म्हटलं, “ताई, ते तेच तेच आहे ना.” त्या काही बोलल्या नाहीत. पहिल्याच पालुपदावर बोट ठेवलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. मग दुसऱ्यावर. तिसऱ्याला माझा आवाज बसला. चुकीचं मोठेपण मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी बसल्यावर नेहमीप्रमाणे उजवा गुडघा दुखायला लागला. आधी मी अशा वेळी मनातल्या मनात ‘अनिच्च, अनिच्च’ (अनित्य आहे) म्हणत दुखणं जायची वाट बघायचे. हेही करू नका. ते औषधासारखं घेतलं की त्यात दुखणं नकोच ही मागणी लपलेली असते, आणि ती मागणी दिसतही नाही. त्या दिवशी फक्त पाहिलं. जळजळ आली, अर्ध्या श्वासापुरती विरली, तिथेच दाब आला, दाब मांडीकडे सरकला. मधेच ‘आता उठावं’ असा विचार आला, तोही उमटला आणि गेला. ज्याला मी ‘गुडघा दुखतोय’ म्हणत होते ती एक गोष्ट नव्हतीच. गुडघा त्यानंतरही दुखलाच, हेही सांगून ठेवते.

संयुत्त निकायातल्या सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: एक बाण शरीराला लागतो, आणि शोक करणारा माणूस मनाचा दुसरा बाणही भोगतो. हा दृष्टान्त सगळ्यांना पाठ असतो. पण दुसरा बाण कुठून सुटतो हे पाहायचं तर त्या जळजळीतला येण्याजाण्याचा भाग पाहावा लागतो. नुसत्या दृष्टान्ताने ते होत नाही.

म्हणूनच निवडक वचनांच्या संग्रहांवर माझा राग आहे. कालाम सुत्ताचंच बघा. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, ग्रंथावर केवळ म्हणून विसंबू नका, एवढंच सगळीकडे फिरतं. त्याच सुत्तात ‘विञ्ञुप्पसत्था’ हाही शब्द आहे: जाणते लोक ज्याची प्रशंसा करतात, हीसुद्धा तपासायची एक बाजू. ते गाळलं की ‘मला पटेल तेच खरं’ उरतं, आणि तसं बुद्ध म्हणाले नाहीत. सतिपट्ठान सुत्ताच्या शेवटी, साधनेचं फळ किती काळात मिळेल ते सांगताना, ‘सात वर्षं’पासून उतरत उतरत ‘सात दिवस’ येतात. नवे लोक ते सात दिवसच धरून बसतात. त्या वाक्यात ‘एवं’ हा शब्द आहे: अशा रीतीने जो भावना, म्हणजे साधना, करील. त्या रीतीत पालुपदही आलंच.

‘वाचू नका, फक्त बसा’ असंही तुम्हाला कोणी सांगेल. मला एका शिक्षकांनी सांगितलं होतं. शिबिराच्या दिवसांपुरतं ते बरोबर आहे. बसताना पुस्तक डोक्यात फिरत असेल तर काही दिसत नाही. कायमचा नियम म्हणून मात्र मला ते मुळीच पटत नाही. अलगद्दूपम सुत्तात सापाला शेपटीकडून धरणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. तिथे दोष चुकीच्या पकडीला दिलाय, शिकायलाच नको असं म्हटलेलं नाही.

मार्गदर्शकाशिवाय पुढे जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. बुद्धांचे शिष्य आनंद म्हणतात, कल्याणमित्र (या वाटेवरचा चांगला सोबती) म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं साधनेचं जीवन, आणि बुद्ध त्यांना दुरुस्त करतात: अर्धं नाही, सगळंच. मेघिय नावाचा भिक्षू बुद्धांना एकटं सोडून आंब्याच्या वनात ध्यानाला गेला आणि तिथे त्याला काम, द्वेष आणि हिंसेच्या विचारांनीच घेरलं. परतल्यावर बुद्धांनी सांगितलेल्या पाच गोष्टींत पहिली कल्याणमित्राचीच आहे. तुमचं बसणं कसं झालं यापेक्षा घरातल्यांशी कसं वागता हे जो विचारतो, तो मार्गदर्शक चांगला, असं माझं मत.

आणखी एक गोष्ट, ती हलक्याने घेऊ नका. अशुभ भावना (शरीराच्या किळसवाण्या बाजूचं चिंतन), श्मशानातल्या प्रेताच्या अवस्थांचं चिंतन हे भाग एकट्याने, पुस्तकात वाचून सुरू करू नका. वेसालीत अशुभ भावना करणाऱ्या भिक्षूंना देहाचीच घृणा वाटू लागली आणि काहींनी जीव संपवला, असं संयुत्त निकायातच आहे. त्यानंतर बुद्धांनी त्यांना आनापानसति शिकवली. बसल्यामुळे झोप उडाली, भीती वाढत गेली, स्वतःला इजा करावी असे विचार यायला लागले, तर बसणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तसं करणं म्हणजे हार नव्हे.

आणि दीड वर्ष वाया गेलं का? मला तसं वाटायचं आणि त्यावर मी रडलेही आहे. संयुत्त निकायात सुताराच्या वाकसाचा दृष्टान्त आहे. दांड्यावर बोटांचे ठसे दिसतात, पण आज किती झिजलं, काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. झिजल्यावर मात्र झिजलंय हे त्याला कळतं. मन ठरवण्याची ती सवय मला आज उपयोगी पडते. तुमचंही काही महिने असंच अर्धं काम झालं असेल तर घाबरू नका, आहात तिथूनच पालुपद जोडा.

कसं, ते सांगते. वही घ्या आणि जिथे जिथे ‘…पे…’ किंवा टिंबं आहेत तिथे तो परिच्छेद हाताने पूर्ण लिहा. मी २१ वेळा लिहिला, रोज एक, आणि लिहून झालं की लगेच बसायचं. कायेच्या १४ सरावांपर्यंत हात यंत्रासारखा चालला. पंधराव्या दिवशी, वेदनेच्या पालुपदात, ‘कायस्मिं’च्या जागी ‘वेदनासु’ लिहावं लागलं आणि ‘अत्थि कायो’च्या जागी ‘अत्थि वेदना’. वेदना आहे. तिथे ‘माझी’ शोधत मी ती ओळ पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. तो शब्द कुठेच नव्हता.