गाळा घ्यायच्या आधी सात दिवस तिथे उभे राहा

पोळी-भाजी केंद्रासाठी गाळा शोधत असाल तर कागदपत्रांचं नंतर बघू. आधी त्या गाळ्यासमोर सोमवार ते रविवार, सातही दिवस, जेवणाच्या वेळेला उभे राहा. ऐरोलीत ऑफिसांजवळचा गाळा मी एका बुधवारी दुपारी पाहिला. फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी टोकन, म्हणजे गाळा अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, देऊन मोकळी झाले. धंदा सुरू झाल्यावर कळलं की तिथली बहुतेक ऑफिसं मंगळवार ते गुरुवारच भरतात. सोमवारी-शुक्रवारी लोक घरून काम करतात, शनिवार-रविवार रस्ता ओस. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं.

आता हिशोब. थाळी ११० रुपयांची. शिधा, भाजी, गॅस, पॅकिंग मिळून ६५ जातात, हाती ४५ उरतात. भाडं, पोळ्या लाटणाऱ्या दोघींचे पगार आणि वीजबिल असा महिन्याचा बांधलेला खर्च ५८,५००. म्हणजे १,३०० थाळ्या गेल्या तर ना नफा ना तोटा. मी २६ दिवस धरून रोजच्या ५० काढल्या होत्या आणि बुधवारची गर्दी बघून निर्धास्त होते. प्रत्यक्षात महिन्यातले १३ दिवस ८० जायच्या, ९ दिवस जेमतेम १५. बेरीज १,१७५. यात माझी मजुरी धरलेलीच नव्हती. तुम्ही ती धरा, घरचं माणूस राबतं म्हणून ती फुकट नसते.

चव, स्वच्छता, वेळेवर डबा हे सगळं आपल्या हातातलं, आणि ते चोख होतं. पण धंदा ज्या वातावरणात चालतो ते आपल्या हातात नसतं, म्हणून ते आधी बघून घ्यायचं. सातही दिवस. एक दिवस बघून ठरवू नका, ओळखीचा एजंट सांगतोय म्हणून तर मुळीच नको. वहीत रोजचा वार लिहा, बारा ते अडीच किती माणसं गेली ते लिहा, त्यातली किती हातात डबा घेऊन होती तेही लिहा. घरचा डबा आणणारा आपलं गिऱ्हाईक नाही.

दहा मिनिटांच्या अंतरावर आणखी कोण जेवण देतं, काय भावाने, ते जेवून बघा. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा दर सहसा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, पावसाळ्यात पालेभाजी कडाडते. थाळीच्या दरात तेवढी फट ठेवा. समोर रस्ता खणणार आहेत का, हे शेजारच्या दुकानदारांना विचारा. मेट्रोच्या कामात घोडबंदर रोडची दुकानं पत्र्यांआड गेली, तेव्हा गिऱ्हाईक रस्ता ओलांडून येईना.

भाडेकरारात लॉक-इन, म्हणजे गाळा मध्येच सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा ते सही करण्याआधी वाचा. माझा अकरा महिन्यांचा होता. तिसऱ्या महिन्यात सगळं कळूनही निघता आलं नाही, म्हणून पुन्हा सांगते, सोमवार आणि शुक्रवार बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

कागद: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कुणाला पैसे देऊ नका. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी परवान्याचा) १४ अंकी क्रमांक बिलावर हवा. पाटी मराठीत, देवनागरीत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटीसाठी सीए गाठा. प्लास्टिकचे चमचे नकोत, १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. चालू खातं वेगळं. भांडी, फ्रीज जुने चालतील. तीन महिन्यांचा खर्च बाजूला.

सध्या नौपाड्यातला एक गाळा बघतेय. पाच दिवस उभी राहून झाले, शुक्रवार आणि रविवार बाकी आहेत. मालक रोज फोन करतात, सोमवारी सांगते म्हणून कळवलंय.