भीमगडचे रान आणि ऐहोळेचे बौद्ध मंदिर : बेळगावहून दोन दिवस

पहिला दिवस खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यासाठी राखावा आणि वनखात्याची परवानगी निघण्यापूर्वीच काढून ठेवावी. २०११ साली घोषित झालेल्या या रानातील बारापेडे गुहांत रॉटनचे दुर्मिळ वटवाघूळ राहते. तिकडे जाण्याचा हट्ट मात्र धरू नये. पावसाळा टाळावा.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघून बागलकोट जिल्ह्यातील ऐहोळे गाठावे. मेगुती टेकडी चढताना, माथ्यावरील जैन मंदिराच्या अलीकडे, काही भाग खडकात कोरलेले आणि काही भाग बांधलेले दुमजली बौद्ध मंदिर लागते. बहुतेक जण वरच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखाच्या ओढीने ते ओलांडून जातात. आपण ओसरीत थांबून मान वर करावी, म्हणजे छतावर कोरलेला बुद्ध दिसतो. टेकडीवर सावली फारशी नाही, तेव्हा पाणी सोबत घ्यावे.