एनएचएल टीमनं खालची टीम बदलली की नेमकं काय काय बघायचं

आमच्या कट्ट्यावरची पाच-सहा पोरं पहाटे उठून एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग, बघतात, थंडीत तिकडची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडं पहाटे साडेपाचला लागते, ती बघून मग रंकाळ्याला चक्कर. त्यातल्या एकानं परवा विचारलं, दादा, एखाद्या टीमनं अफिलिएट, म्हणजे तिला जोडलेली खालच्या लीगमधली टीम, बदलली म्हणजे झालं काय, टीम विकली का? हा घोळ लई जणांचा होतोय म्हणून नीट लिहितो.

पहिलं म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या फुटबॉलमधलं पाटाकडील अ आणि पाटाकडील ब हे डोक्यातनं काढा. आपल्यात ब संघ त्याच तालमीचा, त्याच पेठेचा, पोरगं शाहू स्टेडियमवर अ कडनं उतरलं काय आणि ब कडनं उतरलं काय, घर एकच. तिकडं तसं नाही. एनएचएलच्या ३२ टीम, एक पायरी खालच्या एएचएल लीगच्या पण ३२, म्हणजे प्रत्येकीला एक, पण खालची टीम भलत्याच गावात असते आणि बऱ्याचदा तिचा मालकच वेगळा असतो. वरच्या टीमला एका वेळी २३ खेळाडू ठेवता येतात आणि करार मात्र ५० पर्यंत करता येतात, मग उरलेली पोरं खेळणार कुठं, तर बरीचशी खालच्या टीमकडनं.

म्हणून बातमी आली की आधी मालक कोण ते बघायचं. खालची टीम एनएचएलवाल्यांच्या स्वतःच्या मालकीची असेल तर ते बहुतेक वेळा टीमच उचलून दुसऱ्या गावात नेतात. मालक वेगळा असेल तर मधे फक्त काही वर्षांचा करार असतो, तो संपला की दोघंही दुसरीकडं बघाय मोकळे. हर्शी बेअर्स बघा, चॉकलेटवाल्या हर्शी गावची टीम, १९३८ पासून तिथंच आहे. २००५ पर्यंत त्यांच्याकडं कोलोरॅडोची पोरं खेळायची, तिथनं पुढं वॉशिंग्टनची. गाव तेच, नाव तेच, अंगावरची अस्वलाची जर्सी तीच, आतली पोरं तेवढी बदलली.

पोरं कुठली जातात हे पण नीट धरा. ज्याचा करार एनएचएल टीमशी आहे तो नव्या ठिकाणी जाणार, आणि ज्याचा करार थेट एएचएल क्लबशी आहे तो तिथंच राहणार. त्यामुळं तुमचा आवडता गोली, म्हणजे गोलकीपर, कुठं गेला हे शोधताना टीमचं नाव बघू नका, त्याचा करार कुणाशी आहे ते बघा.

आता मुख्य गोष्ट. एक टीम हलली की एकटी कधी हलत नाही, माळ लागते. मला हे बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर बाण काढले तेव्हा कुठं कळलं, तुम्ही पण तसंच करा, डावीकडं एनएचएल, उजवीकडं एएचएल आणि बाणावर वर्ष. शिकागो वुल्व्हजपासनं सुरू करा. २०१७ ला वेगास ही नवी टीम आली आणि तिनं शिकागोशी करार केला, तोवर शिकागो होती सेंट लुईसची, मग सेंट लुईसला त्या सीझनला स्वतःची अशी खालची टीमच नाही, पोरं दुसऱ्यांच्या टीममधे वाटून ठेवली. २०१८ ला त्यांना सॅन अँटोनियो मिळाली. २०२० ला वेगासनं तीच सॅन अँटोनियोची टीम विकत घेऊन आपल्या शेजारी हेंडरसनला नेली, सेंट लुईस परत रस्त्यावर, २०२१ पासनं ते स्प्रिंगफील्डला. इकडं रिकामी झालेली शिकागो कॅरोलायनानं धरली आणि त्यासाठी शार्लट सोडली, जी २०१९ ला त्यांच्याच पोरांच्या जोरावर एएचएलचा काल्डर कप जिंकली होती, आणि ती गेली फ्लोरिडाकडं. एका नव्या टीमच्या येण्यानं एवढ्या गावातली पोरं हलली.

पुढं २०२२ ला शिकागोनं कॅरोलायनाच्या पोरांसकट कप मारला आणि तरी २०२३-२४ ला दोघं वेगळे झाले, शिकागो कुणाचीच नाही. मी तेव्हा दोन आठवडे शिकागोच्या स्कोअरकार्डात कॅरोलायनाची पोरं शोधत होतो. भांडणाचं मूळ असं की खालच्या मालकाला तिकीट विकायचंय म्हणून जिंकाय पाहिजे, आणि वरच्याला पोरं घडवायची आहेत. एएचएलचा नियमच असा की गोली सोडून मैदानात उतरणाऱ्या १८ मधे १३ जण कमी अनुभवाचे पाहिजेत. २०२४ ला दोघं परत एकत्र आले.

अंतर पण बघायचं. वर कुणाला दुखापत झाली की खालनं पोरगं लगेच बोलवाय लागतं, आणि लॉस एंजेलिसची खालची टीम होती मँचेस्टरला, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, घड्याळातच तीन तासांचा फरक. म्हणून जानेवारी २०१५ ला जाहीर झालं की पाच एएचएल टीम पुढच्या सीझनला कॅलिफोर्नियात येणार. मँचेस्टरच्या लोकांना आपली टीम जाणार हे तेव्हाच कळलं, आणि त्याच पोरांनी जूनमधे काल्डर कप जिंकून दिला. कप आला आणि टीम गेली. बदल्यात ईसीएचएलची, म्हणजे अजून एक पायरी खालची टीम आली, नाव तेच मोनार्क्स ठेवलं, पण २०१९ ला ती पण बंद झाली. मला हे आजही लागतं.

पण नुसतं जवळ असून पण चालत नाही, गाव कुणाचं आहे ते बघाय लागतं. कॅलगरीनं २००९ ला आपली खालची टीम ॲबट्सफोर्डला ठेवली, आणि ते गाव व्हँकुव्हरच्या शेजारी, म्हणजे शिवाजी पेठेत मंगळवार पेठेचा संघ नेऊन बसवल्यासारखं झालं, लोक येईनात, २०१४ ला गाशा गुंडाळला. २०२१ ला व्हँकुव्हरनं स्वतःची टीम त्याच गावात आणली आणि २०२५ ला त्यांनी काल्डर कप जिंकला. कॅलगरीनं पण २०२२ पासनं खालची टीम स्वतःच्याच स्टेडियममधे आणून ठेवलीय.

नावाला मात्र फसू नका. व्हँकुव्हरची टीम यूटिका सोडून ॲबट्सफोर्डला गेली तेव्हा यूटिकाला न्यू जर्सीनं आपली टीम आणली, पण नाव कॉमेट्सच ठेवलं. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतंय तीच टीम, आत सगळी पोरं वेगळी.

तर सीझन संपला की उन्हाळ्यात या बातम्यांवर लक्ष ठेवा, ॲपमधे जुनी खालची टीम फेव्हरिटमधे असेल तर काढून नवी टाका, त्याखालची ईसीएचएलची टीम पण बदललीय का ते तिथंच बघून घ्या, आणि नवा सीझन सुरू व्हायच्या आधी कागदावरचे बाण एकदा ताजे करा.