गेट तिसऱ्या वर्षी द्यावी की चौथ्या?

एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट ही राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यायची हे एकदा ठरले की नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यापुढे प्रश्न उरतो तो वर्षाचा. परीक्षा वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि गुणपत्रक निकालापासून तीन वर्षे वैध राहते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी मिळवलेल्या गुणांवरही पदवीनंतर लगेच प्रवेश घेता येतो.

तरीही सरसकट घाई करू नये. सहावे सत्र साधारण जानेवारीत सुरू होते, म्हणजे त्यातील विषय परीक्षेपर्यंत वर्गात जेमतेम सुरू झालेले असतात. म्हणून गेटचा अभ्यासक्रम समोर ठेवून पाचव्या सत्राअखेर शिकून होणाऱ्या विषयांवर खुणा कराव्यात आणि मागील तीन-चार प्रश्नपत्रिकांत त्या विषयांना किती गुण होते, ते मोजावे. १०० पैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे असतात आणि बहुतेक अभियांत्रिकी शाखांत साधारण १३ गणिताचे. हे दोन्ही भाग कोणत्याही वर्षी तयार करता येतात, म्हणून तेही धरावेत. बेरीज साठीच्या पुढे जात असेल तर तिसऱ्या वर्षी अवश्य बसावे. चाळिशीतच अडकत असेल, तर केवळ अनुभवासाठी शुल्क भरण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून तीन तासांत सोडवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

चौथ्या वर्षाची अडचण वेगळी आहे. सातव्या सत्रात कॅम्पस मुलाखती आणि प्रकल्प असतात, ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशीसाठी अनेकांना गावी जावे लागते, आणि सत्र परीक्षा संपल्यावर हाती फार दिवस उरत नाहीत. तेव्हा मुख्य अभ्यास सहाव्या सत्रानंतरच्या सुट्टीत सुरू करून दसऱ्यापर्यंत संपवता येणार असेल, तरच या वर्षावर भिस्त ठेवावी. अर्ज साधारणतः ऑगस्टअखेर सुरू होतात. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनापूर्वी तो भरून टाकलेला बरा, कारण मुदतीनंतर विलंब शुल्क पडते.

सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या भरतीसाठी अनेकदा ठरावीक वर्षाचेच गुण मागतात, त्यामुळे नोकरीचाही विचार असणाऱ्याने, तिसऱ्या वर्षी चांगले गुण पडले तरी, चौथ्या वर्षी पुन्हा बसावे. पदवीनंतर वर्षभर गेटसाठी थांबण्याचा निर्णय मात्र निकाल पाहून तडकाफडकी न घेता, आयआयटी आणि एनआयटींच्या प्रवेश फेऱ्या संपल्यावरच घ्यावा. शेवटच्या फेऱ्यांत रिकाम्या राहिलेल्या जागा कमी गुणांवरही मिळू शकतात.